लाल तार, पिवळी तार

आपल्या घरांत मुलगा बारावी सायन्सला असतो, मुलगी बी.एस्सी. करत असते, आणि तरीही फ्यूज उडाला की सगळे जण अंधारात बसून वायरमनची वाट बघतात. वहीत ओहमचा नियम लिहून पाचपैकी पाच मार्क मिळवणारा हात तारेला लागला की थरथरतो. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान हा आमचा विषय नव्हे, म्हणून पुढे जे लिहिले आहे ते तज्ज्ञाचे बोलणे समजू नये. एका घराने गरजेपोटी एक काम शिकून घेतले, त्याची ही हकीकत आहे.

आमचे गाव खेड तालुक्यातले. अब्बांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. मशीनवर चार तास, शिवाय जाणे-येणे. त्यासाठीच आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात कुठल्याशा दुकानातून टेप बसवून घेतला होता. चावी काढली तरी तो वाजायचा, आणि मुलांना त्याची मोठी मौज वाटायची.

मागच्या पावसाळ्यात शाळेला जोडून सुट्ट्या आल्या. शनिवारी दुपारी चिपळूणहून आल्यावर गाडी जागची हलली नाही. मंगळवारी फजरनंतर चावी फिरवली तर नुसती टकटक. शेजारच्यांच्या जीपवरून तारा जोडून गाडी सुरू करेपर्यंत तासभर गेला, आणि चिपळूणला पोहोचलो तेव्हा अब्बांची मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेली होती. दुपारी तीनला नंबर लागला. तोवर अब्बांच्या पायांची सूज आणि त्यांना लागलेली धाप आम्ही बघत बसलो. ते काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

बॅटरीवाल्याने तपासून सांगितले, “बॅटरी ठणठणीत आहे. तुमचा टेप करंट पितोय.” टेप बदलायला गेलो, तर दुकानात सांगितलेला खर्च महिन्याच्या औषधांच्या बिलाएवढा निघाला. वर फिटिंगवाला म्हणाला, “जुन्या तारा कापून नव्या पिळून देतो, दहा मिनिटांचे काम.” कापून आणि पिळून, हेच तर आधीच्याने केले होते. घरी आल्यावर आमची थोरली म्हणाली, “बर्क़ी रौ आम्हाला नववीतच शिकवली आहे. बघू तरी आत काय आहे ते.” ती उर्दू माध्यमात दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बोनेट उघडले.

पहिला धडा बॅटरीचा. काम सुरू करण्यापूर्वी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, पॉझिटिव्ह नव्हे. यामागचे कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही. गाडीची सगळी लोखंडी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आपण पॉझिटिव्ह नट सोडवत असताना पाना बॉडीला टेकला तर भडका उडतो. निगेटिव्ह आधी सुटलेली असली तर पाना कुठेही टेको, चक्र पुरे होत नाही. जोडताना हीच निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडायची.

दुसरा धडा टेपच्या खाचेचा. जगभरच्या गाड्यांत टेपचे एक ठरलेले माप चालत आले आहे. समोरून सुमारे 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, त्याला सिंगल डिन म्हणतात. त्याच्या दुप्पट उंचीचा तो डबल डिन. डिन हे जर्मनीच्या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेचे नाव. खाचेचे माप घेऊन गेले की भलताच टेप गळ्यात पडत नाही. खाचेभोवतीचे प्लास्टिक खिळ्यांनी नव्हे, खटक्यांनी बसवलेले असते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटले तर ओरखडे पडतात. आम्ही स्वयंपाकघरातले लाकडी उलथणे फडक्यात गुंडाळून वापरले. अम्मींनी ते परत घ्यायला नकार दिला, ही वेगळी गोष्ट.

टेप बाहेर ओढला तर मागे तारांचे जाळे. निम्म्या तारांवरची चिकटपट्टी वितळून काळी झालेली, आणि आपल्या कोकणच्या दमट हवेने तांब्यावर हिरवा गंज चढलेला. त्या गुंत्यात रंगांची एक भाषा आहे. बहुतेक टेपना पिवळी तार सतत वीज आणते, चावी असो वा नसो. तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण जिवंत राहते. लाल तार चावी फिरवल्यावरच जागी होते आणि टेपला सांगते, ऊठ. काळी तार बॉडीला, म्हणजे अर्थिंगला. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची, पण काळी रेघ असलेली. रेघवाली ती निगेटिव्ह.

आमच्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र पिळून पिवळीच्या जागी जोडलेल्या होत्या. म्हणजे टेपला वाटत होते की चावी कायम फिरलेलीच आहे. बटण दाबून गप्प केला तरी तो आतून जागाच. मुलांची मौज होती ती हीच.

थोरलीला एवढ्यावर समाधान नव्हते. आम्ही साडेतीनशे रुपयांचा मल्टीमीटर आणला होता. तो दहा अँपिअरवर ठेवून तिने बॅटरीची निगेटिव्ह तार आणि बॅटरी यांच्या मध्ये, एकसर जोडणीत, लावला. इंजिन बंद, दिवे बंद, टेप गप्प, आणि मीटर दाखवत होता 0.4 अँपिअर. तिने पाटीवर हिशोब मांडला. शनिवारी दुपारी दोनपासून मंगळवारी पहाटे सहापर्यंत 64 तास. 64 गुणिले 0.4 म्हणजे 25.6 अँपिअर-तास. आमची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. उरले दहाही नाहीत, तेवढ्यावर इंजिन काय फिरणार! त्या मंगळवारी अब्बांचे सहा तास कुठे गेले याचा हिशोब पाटीवर लिहिलेला होता. दशांश गुणाकाराचे उत्तर बघून घरातले सगळे गप्प झालेले आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले.

इथून पुढचे काम सावकाशीचे. रंगांवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, कारण गाडीच्या तारांचे रंग टेपच्या रंगांशी जुळतीलच असे नाही. तपासणीपुरती बॅटरी जोडून, प्रत्येक तार मीटरने पाहायची: चावी बंद असताना 12 व्होल्टच्या आसपास दाखवते ती कायमची, चावीनेच जागी होते ती दुसरी. मग बॅटरी पुन्हा सोडायची. स्पीकरच्या तारा ओळखायला दीड व्होल्टचा घड्याळातला सेल पुरतो. टेपपासून सुटलेल्या तारांना तो क्षणभर टेकवला की त्या स्पीकरमधून ‘टक’ आवाज येतो. पडदा बाहेर सरकला तर सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला लागले आहे, आत गेला तर उलटे. चारपैकी एक जरी उलटा जोडला गेला तर आवाज येतो, पण पोकळ. दोन माणसे एकाच दोरीला विरुद्ध बाजूंनी ओढतात, तसा.

स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला जोडायची नाही, ती टेपकडेच परत न्यायची, नाहीतर टेप जळतो. आणि एका जागी दोन स्पीकर लावायचा मोह टाळायचा. गाडीतले स्पीकर बहुधा चार ओहमचे असतात. दोन समांतर जोडले की रोध दोन ओहम होतो आणि टेपमधून दुप्पट धारा ओढली जाते. उर्दू पुस्तकात रोधाला मुज़ाहमत म्हणतात. मुज़ाहमत कमी झाली की ओघ अंगावर येतो, हे आम्ही भाषेच्या तासाला अनेकदा सांगितले असेल. तारेत ते हाताला गरम लागते.

आम्ही तारा कापल्या नाहीत. गाडीच्या मूळ कपलरचा जोड असलेला तयार कपलर बाजारात मिळतो. त्याच्या आणि टेपच्या तारा आम्ही टेबलावर, उजेडात, रंगानुसार जोडल्या, डाग दिला आणि प्रत्येक जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. ती नळी डाग देण्यापूर्वीच तारेत ओवायची असते, मागाहून जात नाही. काळ्या तारेसाठी बॉडीवरचा एक स्क्रू काढून, गंज पॉलिशपेपरने घासून, चकचकीत लोखंडावर ती आवळली. पिवळ्या तारेवर टेपसोबत आलेला फ्यूज तसाच ठेवला. फ्यूज टेपला वाचवण्यापेक्षा तारेला आगीपासून वाचवतो. तो उडाला की त्याच अँपिअरचा नवा घालायचा. चांदीचा कागद किंवा तांब्याची तार गुंडाळणारा माणूस गाडीत बसलेल्यांच्या जिवाशी खेळतो.

सगळे जोडून झाल्यावर थोरलीने मीटर पुन्हा त्याच जागी लावला. 0.02 अँपिअर. तिने पाटीवरचा जुना हिशोब पुसला नाही, खाली नवा मांडला: तेवढ्याच 64 तासांत सव्वा अँपिअर-तास. मग टेप चालू केला.

तो टेप निव्वळ गाण्यांसाठी नव्हता. अब्बांचे थोरले भाऊ, आमचे मोठे चाचा, कित्येक वर्षे कुवेतला होते. आमच्या दादींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून चाचा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. गावचा कुणी रजेवर आला की साबण आणि टॉर्चसोबत एक कॅसेट यायची. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील. चाचा आता हयात नाहीत. थोरलीने जुन्या टेपरेकॉर्डरची हेडफोनची तार कॉम्प्युटरला जोडून त्या कॅसेट उतरवून घेतल्या आणि पेनड्राइव्हमध्ये भरल्या.

परशुराम घाटात मोबाइलची रेंज जाते-येते. पेनड्राइव्हला रेंजची गरज नसते. पुढच्या शनिवारी घाट चढताना चाचांचा आवाज सुरू झाला. ते दादींना विचारत होते, पावसाआधी कौले चाळून घेतली का, कलमांना मोहोर कसा आहे, धाकटा अभ्यास करतो की नुसता क्रिकेट खेळतो. डायलिसिसच्या वाटेवर कधी तोंड न उघडणारे अब्बा काचेतून बाहेर बघत हळूच म्हणाले, “चाळली, भाईजान, चाळली.” मग त्यांनी नातीला, कौले चाळताना वरून खाली कोण कोण पडले होते, ते चिपळूण येईपर्यंत सांगितले.

वाचकांनी हे काम करायला घेतले तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नये. आणि गाडी नवी, वॉरंटीतली असेल किंवा टेपच्या पडद्यावरच गाडीच्या सगळ्या सूचना येत असतील, तर ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच द्यावे. बाकी जुन्या साध्या गाडीत एक मल्टीमीटर, एक सुट्टीचा दिवस आणि घाई न करण्याचा निश्चय पुरतो.

मिस्त्रींचा हुनर मोठाच आहे, आणि चांगल्या मिस्त्रीचे पैसे खुशीने द्यावेत. पण त्याने काय केले हे कळण्याइतके ज्ञान घरात असायला हवे, आणि ते घरातल्या मुलींनाही असायला हवे. आमची थोरली आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा म्हणते. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली आहे की मुलीच्या जातीला हे कशाला. अब्बांनी त्यावर एकच सांगितले आहे, की ज्याला शंका असेल त्याने मंगळवारी पहाटे सहाला येऊन आमच्या गाडीची चावी फिरवून बघावी.