चक्रवाढ मांजर

वीस वर्षे बँकेत काढल्यामुळे चक्रवाढ व्याजाचे मला भय उरलेले नाही, असा माझा समज होता. पण तेच व्याज चार पायांवर आमच्या जिन्याखाली येऊन बसले आणि माझी बी.कॉम.ची पदवी हतबल झाली.

जिन्याखालच्या करड्या मांजरीने भर पावसाळ्यात चार पिल्ले घातली. ही ठेव कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हते. बिऱ्हाडकरूंची सभा भरली. पिल्ले मासळी बाजारात सोडावीत, असे एकमताने ठरले. ती मी सोडावीत, हेही एकमतानेच! "तुम्ही बँकेतले, विश्वासू माणूस," म्हणे.

रविवारी मी पिशवी ओट्यामागे ठेवली आणि चोरासारखा सटकलो. दहा पावले गेलो नाही तोच एक कोळीण ओरडली, "ओ भाऊ, तुमची पिशवी ऱ्हायली!" ती माझी नाही, म्हणणार होतो, पण पिशवीवर आमच्या बँकेचे नाव ठसठशीत छापलेले! आतून चौघेही साक्ष देत होते.

परत आलो, तर मांजरी जिन्याची एकेक पायरी हुंगत हाका मारीत होती. ती माझ्यावर गुरगुरली असती, तर बरे वाटले असते. तिने फक्त एकेकाला मानेला धरून आत नेले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मांजरी पाचसहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते." म्हणजे मुदत संपण्याआधीच नूतनीकरण! "पिल्ले टाकून काय होणार? शस्त्रक्रिया करा. आणि भूक-तहानेने हाल होतील असे जनावर विनाकारण सोडून देणे, हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, बरं का!" मी पिशवीची घडी उलटी केली.

आठ आठवडे पिल्ले आईपाशी ठेवली. सौ. त्यांना गाईचे दूध पाजायला निघाली होती. त्याने पोट बिघडते, हे डॉक्टरांनी वेळीच सांगितले. मग वर्गणी काढून मांजरीची शस्त्रक्रिया झाली. खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचे टोक किंचित कापले. चेकच्या डाव्या कोपऱ्यावर आम्ही दोन तिरक्या रेघा मारतो ना, तसेच. व्यवहार सुरक्षित!

दोन पिल्ले ओळखीत गेली. तिसरे आमच्या घरी माझ्या पासबुकावर झोपते. तिथे शिल्लक एवढीच. चौथे त्या कोळणीने नेले. हल्ली मी बाजारात गेलो की ती विचारते, "भाऊ, आज पिशवी न्याल ना आठवणीनं?"

मी पिशवी घट्ट धरतो आणि चार बोंबील जास्त घेतो.