आयोवाच्या वाटेवरची धुराडी

शिकागो सोडून पश्चिमेची वाट धरली की तासाभरात शहर मागे पडते आणि दोन्ही हातांना मका सुरू होतो. आपल्याकडे गोकाक-रायबागच्या बाजूला उसाचा फड जसा रस्त्याला खेटून येतो, तसाच. फरक एवढाच की इथे तो तीन तास संपत नाही. मग मिसिसिपी येते. एरवी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी ही नदी डॅव्हनपोर्ट शहरापाशी मात्र काही मैल पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. पूल ओलांडला की आयोवा राज्य लागते आणि तिथून वीसेक मिनिटांवर वॉलकॉट नावाचे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. गाव लहान, पण त्याच्या वेशीवरचा ट्रकथांबा एवढा मोठा, की तो स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो.

त्याचे नाव 'आयोवा ८०'. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे २,९०० मैल धावणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर तो १९६४ साली उघडला. एका वेळी नऊशे ट्रक उभे राहतील एवढे आवार, शिवाय दाताचा डॉक्टर, न्हावी, धुलाईयंत्रे, लहानसे चित्रपटगृह आणि शेजारी जुन्या ट्रकांचे संग्रहालय. निपाणीच्या पुढे महामार्गावर आपल्या ड्रायव्हर मंडळींना बाज, आंघोळीचे पाणी आणि गरम चपाती मिळाली की ती खूश असतात. इथेही मूळ गरज तीच. पसारा तेवढा अमेरिकन. १९७९ पासून दर जुलैमध्ये इथे ट्रकवाल्यांची जत्रा भरते. सजवलेल्या ट्रकांच्या सौंदर्यस्पर्धाही होतात. आपल्या बेंदराला बैलांची शिंगे रंगवतात, त्याची आठवण व्हावी असा तो थाट.

या जत्रेला मी गेलो तो भाच्यामुळे. थोरल्या बहिणीचा हा मुलगा डॅव्हनपोर्टला शेतीयंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे. सून धारवाडची. घरात ती बाळाशी कन्नडमधून बोलते, हा मराठीतून, आणि दीड वर्षाचे ते पोर दोघांनाही आपल्याच भाषेत उत्तरे देते. भाच्याने आठ सिलिंडरची जुनी पेट्रोल पिकअप घेतली आहे. पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भाजी आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडी येते. तिकडे तीच घरची गाडी असते: पुढे दोन, मागे तीन माणसे बसतील अशी केबिन आणि तिच्यामागे उघडा हौदा. या गाडीला मोठ्या ट्रकांसारखी दोन उभी, चकचकीत धुराडी बसवायची हे त्याच्या मनाने घेतले होते. पैसेही साठवले होते.

"कारखान्यात सगळ्यांच्या गाड्या बघ की मामा. माझीच तेवढी बोडकी दिसते," असे त्याचे म्हणणे.

"इदेल्ला याक बेक्री? मामा, नीवऽ हेळ्री," असे सूनबाईंचे.

मी दोघांचे ऐकून घेतले आणि गाडीत बसलो.

थांब्याच्या आवारातल्या दुकानात ही धुराडी भांड्यांच्या बाजारातल्या हंड्या-कळशांसारखी ओळीने मांडलेली असतात. पाच इंच, सहा इंच, आठ इंच व्यासाची. कुणाचे तोंड सरळ कापलेले, कुणाचे तिरके, कुणाचे बगळ्याच्या मानेसारखे मागे वळलेले. त्यांत आपला चेहरा दिसतो. बाहेर मोठ्या ट्रकांवर ती केबिनच्या दोन्ही अंगांना दीपमाळेसारखी उभी.

मोठ्या ट्रकाला हे धुराडे शोभेसाठी आलेले नव्हते. डिझेलचा काळा, गरम धूर शेजारच्या गाड्यांच्या आणि पादचाऱ्यांच्या तोंडावर न सोडता वर नेऊन सोडावा, खाली जोडलेल्या ट्रेलरपासून तो दूर राहावा आणि रस्त्याची धूळ उडू नये, ही त्याची कारणे. आपल्या वाचकांना हे नवे नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटवर उभाच असतो. शेतात तो खाली असता तर वाळल्या पाल्याला ठिणगी लागायची. पावसाळ्यात त्याच्या तोंडावर डबा पालथा घालणारा शेतकरी जे करतो, तेच काम अमेरिकेत स्प्रिंगच्या झाकणाने होते.

पेट्रोल पिकअपवर हे धुराडे कसे आले, त्याचे उत्तर त्याच आवारात एका झाडाखाली उभे होते. लालभडक रंग, दारावर सोनेरी अक्षरे, हौद्याला ओक लाकडाच्या पट्ट्या आणि केबिनच्या मागे दोन क्रोमची धुराडी: १९७९ सालची डॉजची 'लिल रेड एक्सप्रेस'. ही धुराडी कुणा हौशी गॅरेजवाल्याने बसवलेली नव्हती, कारखान्यातूनच आलेली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये अमेरिकेने ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. पोलीस कुठे उभे आहेत, डिझेल कुठे मिळते हे ट्रकवाले एकमेकांना बिनतारी संचावरून सांगू लागले आणि बघता बघता ट्रक ड्रायव्हर हा तिथल्या लोकांचा नायक झाला. 'कॉन्व्हॉय' हे ट्रकवाल्यांचे गाणे १९७६ च्या जानेवारीत तिथल्या गाण्यांच्या यादीत पहिले होते. १९७८ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्या लाटेवर डॉजने ही गाडी काढली. १९७८ मध्ये २,१८८ आणि १९७९ मध्ये ५,११८ गाड्या तयार झाल्या, आणि खेळ संपला.

या गाडीची एक मेख होती. ६,००० पौंडांहून अधिक एकूण वजनाच्या गाड्यांना तेव्हा मोटारींचे प्रदूषणाचे कडक नियम लागू नव्हते. ही गाडी ६,०५० पौंडांत बसवली गेली, म्हणून १९७८ च्या गाडीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता. पुढच्या वर्षी ती पळवाट बंद झाली आणि कन्व्हर्टर आला. इंजिन ५.९ लिटरचे, पोलिसांच्या गाड्यांसाठी बनवलेल्या इंजिनाच्या जातकुळीचे. साहजिकच गाडी वाऱ्यासारखी पळे.

गाडीचा मालक साठी-पासष्टीचा, आयुष्यभर सायलेन्सर जोडण्याचे काम केलेला माणूस. भाच्याने त्याला गाठले. त्याने नाही म्हटले नाही. नुसत्या अटी सांगितल्या.

पहिली अट, कन्व्हर्टर आणि सायलेन्सर जागच्या जागी ठेवायचे. कन्व्हर्टर काढणे तिकडच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सायलेन्सर काढला तर आवाज थेट कानामागे घुमतो. जे करायचे ते त्यांच्या पुढे नळी दुभागून. दुसरी अट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड, उभ्या नळीत ते निथळून खाली साठते आणि लोखंड खाते. म्हणून सर्वांत खालच्या वळणाला बारीक भोक हवेच. तिसरी अट उष्णतेची. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा तापट असतो, तेव्हा नळीभोवती जाळीचे कवच लागते. त्यात हौद्याची फूटभर जागा जाते. चौथी, नळी उगाच जाड घ्यायची नाही. डिझेलचे इंजिन मंद चालतानाही पोटभर हवा ओढते. पेट्रोलचे तसे नाही. जाड नळीत त्याचा धूर रेंगाळतो आणि गाडी उचल खात नाही.

मग त्याने मागच्या आसनावरच्या बाळाच्या खुर्चीकडे पाहिले आणि त्या खुर्चीच्या डोक्यामागच्या सरकत्या काचेकडे बोट केले. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरतात, माणूस उठून बाजूला होतो. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कन्व्हर्टर तो बराच जाळतो, पण थंडीत गाडी नुकती सुरू केलेली असताना कन्व्हर्टर स्वतःच थंड असतो. धुराड्याचे तोंड टपाच्या वर असले तरी पळत्या गाडीच्या पाठीशी हवेचा भोवरा असतो, तो धूर खाली खेचतो. त्याने खात्री करून घेण्याची युक्तीही सांगितली: परत जाताना पुढची काच चार बोटे खाली करा, मागची सरकती काच थोडी उघडा आणि फटीशी दोरा धरा.

सूनबाईंनी पिशवीतून दोरा काढला. ताशी चाळीस मैलांवर तिने तो मागच्या फटीशी धरला. आम्हाला वाटत होते तो बाहेर फडफडेल. तो सरळ आत वळला आणि बाळाच्या कपाळावर नाचू लागला. बाळ खुदकन हसले. पुढे डॅव्हनपोर्टपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

भाच्याचा हट्ट मला पोरकट वाटला नाही. परक्या मुलखात माणूस आधी भाषा उचलतो, मग जेवण, मग वाहन. आपण सीमाभागातले लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. आपल्या जेवणात झुणका आणि पुंडीपल्ल्या एका ताटात असतात. त्या कारखान्याच्या आवारात त्याला आपली गाडी 'त्यांच्यातली' दिसायला हवी होती, एवढेच. इकडे कॉलेज रोडवर बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही दुसरे काय हवे असते? त्यांना दंडाची भीती घालून मी थकलो आहे. आता वर्गात दोऱ्याची गोष्ट सांगतो.

गंमत अशी, की ज्यांच्याकडून ही हौस आली ते ट्रकही बदलले आहेत. २००७ पासून अमेरिकेतल्या नव्या अवजड ट्रकांना काजळी अडवणारे गाळणे आले. धुराड्यातून काळा लोट निघणे जवळजवळ थांबले. वाऱ्याला अडथळा नको म्हणून अनेक ट्रकांची धुराडी आखूड झाली, काहींची खाली गेली. ज्या कामासाठी ती उभी राहिली ते काम कमी होत गेले आणि मागे उरली ती ऐट. ऐटीलाही माझी ना नाही. फक्त ती कुणाच्या नाकाशी सोडतो आहोत, एवढे पाहावे.

दिवाळीत फोन आला. धुराड्यांसाठी साठवलेल्या पैशांतून भाच्याने हौद्यावर बसणारे मजबूत झाकण घेतले आणि उरलेल्या पैशांत दारावर सोनेरी पट्टा रंगवून घेतला. पट्ट्याखाली बाळाचे नाव आहे, एका दारावर देवनागरीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये. कारखान्यातले लोक आता थांबून विचारतात, हे काय लिहिले आहे म्हणून. सूनबाई सांगत होत्या, उत्तर द्यायला त्यांना रोज पाच मिनिटे उशीर होतो.