माझ्या नावाच्या झेरॉक्स

ऑफिसात मी 'पासवर्डवाला' म्हणून (कु)प्रसिद्ध आहे. कुणी मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी चिकटवली की माझं लेक्चर ठरलेलं. तर या पासवर्डवाल्याची गंमत ऐका.

जून २०२५. आम्ही दोघं होमलोनसाठी बँकेत. मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हे अठरा हजारांचं कर्ज का थकवलंत?" म्हटलं, कुठलं कर्ज? क्रेडिट रिपोर्टात नाव माझं, पॅन माझा, मोबाईल नंबर मात्र भलत्याच कुणाचा! कुठल्याशा लोन अ‍ॅपवरून घेतलेलं. बायकोने एकदाच माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही, पण ती नजर...

रात्री विचार करत बसलो, कागद गेले कुठून? सिमकार्डचं दुकान, लोणावळ्याचं हॉटेल, फ्लॅटच्या एजंटला केलेलं व्हॉट्सअ‍ॅप... पॅन-आधारच्या झेरॉक्स मीच लग्नपत्रिकांसारख्या वाटत सुटलो होतो. हॅकरची गरजच काय? पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो हो, जन्मतारीख कशी बदलणार?

मग धावपळ. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, कर्ज देणाऱ्या कंपनीला मेल, क्रेडिट ब्युरोकडे डिस्प्यूट. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर एप्रिल २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. माझी नोंद वेळेत निघाली. आवडलेला फ्लॅट मात्र तोवर गेला.

आता शहाणा झालोय. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून आडवी सही करतो. चालेल तिथे मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलंय. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते 'संचार साथी'वर दिसतं, तेही बघितलं. देशातले चारही क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, म्हणून दर तीन महिन्यांनी एकेकाचा मागवतो. आणि खात्यातून पैसेच गेले, तर विचार करत न बसता लगेच १९३० फिरवायचा.

काल प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काम झाल्यावर त्याच्या कॉम्प्युटरवरून माझी पीडीएफ समोर उभं राहून डिलीट करायला लावली. घरी येऊन मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं.

"आणि रिसायकल बिन?" ती म्हणाली.

असो. चपला घालून परत गेलो.