इंदापूरचा हिरवा ठिपका

विद्यार्थ्यांचे गुण भरण्यासाठीं आम्हीं बारामतीस संगणकाची एक छोटी आज्ञावली रचिली. पडद्यावरील ठराविक बिंदु हिरवा झाला, कीं तिनें पुढील नांव घ्यावें, एवढेंच तिचें काम. इंदापुरास नेली तों ती स्वस्थ बसली. हिरवा रंग तर आमच्या डोळ्यांस ढळढळीत दिसत होता! आम्हीं रंगासच दोष दिला. लाल, हिरवा, निळा या तिन्ही आंकड्यांत थोडी सूट ठेविली. व्यर्थ! अखेर कळलें, कीं येथें पडद्याचें प्रमाण १०० ऐवजीं १२५ टक्के होतें. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा आज्ञावलीस १५३६ बाय ८६४ चा भासे, आणि ती बिचारी शेजारच्या कोऱ्या जागेकडे टक लावून बसे. आम्ही प्रमाण उतरवूं लागलों, तों वृद्ध लेखनिक म्हणाले, “सर, मग मला अक्षर दिसायचें नाहीं हो.” आम्हीं आज्ञावलींतील आंकडेच बदलले.