टाके दुखतात का?

आधीचं सिझर असलेल्या बाईच्या कळा सुरू झाल्या, की वॉर्डात हा प्रश्न ठरलेला. मीही तिच्या ओटीपोटावर हात दाबून तो विचारायची आणि ‘नाही’ ऐकलं की निर्धास्त व्हायची. आता त्या उत्तरावर मी विसंबत नाही.

जुना वण उसवून गर्भाशय फाटण्याचं आम्ही शिकलेलं चित्र फार नाट्यमय होतं. एकाएकी असह्य वेदना, कळा बंद, बाळाचे हातपाय पोटाच्या कातडीखाली लागतात, बाई शॉकमध्ये. हे घडतं, पण बरंच उशिरा. त्याआधी बहुतेक वेळा बाळाचे ठोके बोलतात. कळेगणिक ते घसरतात, सावरायला वेळ घेतात, नाहीतर एकदम साठ-सत्तरवर येतात आणि वर चढतच नाहीत. तोवर आई सासूशी बोलतही असेल. कळाही ओटीपोटातच दुखतात, त्यातून टाक्यांचं दुखणं तिनं निवडायचं कसं? शिवाय वण उसवूनही काहींना विशेष दुखत नाही.

कळांचं दुखणं कमी करणाऱ्या एपिड्यूरललाही माझा विरोध होता, टाक्यांचं दुखणंच कळणार नाही या भीतीनं. तो मावळला. औषध चालू असताना वेदना वर येऊ लागल्या, डोस पुन्हापुन्हा वाढवावा लागला, तर मी आधी वणाचाच संशय घेते. खाली उतरलेलं डोकं परत वर गेलं, लघवीच्या पिशवीत रक्त आलं, आईची नाडी धावू लागली, तरीही तेच.

पण म्हणून काही मी ‘एकदा सिझर, कायम सिझर’वाली झाले नाही. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ क्रेगिननं ते वाक्य 1916 साली लिहिलं, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आजच्या खालच्या आडव्या छेदानंतर, कळा आल्यावर साधारण 200 जणींत एकीचा वण फाटतो. चौघींतल्या तिघी नॉर्मल बाळंत होतात. मात्र कळा आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन वापरलं की धोका कैक पटींनी वाढतो, तिथं मी हात आखडते. आणि रात्री भूलतज्ज्ञ, रक्त, ऑपरेशन थिएटर हाताशी नसेल, तर बाईला कळांआधीच मोठ्या दवाखान्यात पाठवते, घरचे कितीही रागावोत.

सिझरच्या कागदावर सही मात्र दाखल होतानाच घेते. ठोके घसरल्यावर “डॉक्टर, अजून थोडं थांबू या ना” हा वाद घालायला वेळ नसतो.