नजर आणेवारी

पंधरा ऑगस्टच्या पहाटे आमच्या साताऱ्यात पहिला वास येतो तो जिलबीच्या कढईचा. अजून उजाडलेलं नसतं, पावसाची भुरभुर चालू असते, अजिंक्यतारा ढगाची घोंगडी डोक्यावरून ओढून निजलेला असतो आणि पोवई नाक्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी मंडप ठोकून गरम तेलात पिवळीधमक वेटोळी सोडत असतो. त्या वासातून वाट काढत, ओल्या टी-शर्टावर चार पिनांनी बिब टोचून घेत, मी धावणाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहते. सुट्टीच्या दिवशीची ही दहा किलोमीटरची दौड गावातलीच, घरगुती म्हणावी अशी. मनगटाला तिरंगी फीत बांधलेले आजोबा, पांढऱ्याशुभ्र गणवेशातली पेंगुळलेली मुलं, साडीवर बूट घातलेल्या एकदोघी, असा सगळा गोतावळा जमलेला असतो. बहुतेकांसाठी हा उत्सव असतो आणि माझ्यासाठी हंगामातली पहिली चाचणी.

धावणाऱ्यांचं वर्षही शेतासारखंच पावसाबरोबर सुरू होतं. जूनमध्ये पेरणी, म्हणजे पहाटेचे सावकाश, लांबलचक सराव. सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटातली आमची हिल हाफ मॅरेथॉन, जी २०१२ पासून या गावाच्या अंगवळणी पडली आहे. मग डिसेंबरात पुणं आणि जानेवारीत मुंबई. ऑगस्टच्या मध्यावर पीक फुलोऱ्यात असतं. कापणी दूर असते, पण बांधावर जाऊन एकदा बघून यावं असं वाटू लागतं.

बांध म्हटला की मला आप्पा आठवतात. वडील तलाठी होते. सप्टेंबर आला की छत्री आणि दप्तर घेऊन ते शिवारं पालथी घालत, आणि रविवार असला तर मलाही बरोबर नेत. उभ्या पिकाकडे बघून यंदा किती पिकेल याचा अंदाज, म्हणजे नजर आणेवारी, बांधायची, ती महिनाअखेरीस कळवायची, ऑक्टोबरअखेर सुधारायची आणि १५ डिसेंबरला अंतिम आकडा. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, कागदोपत्री पैसेवारी झाली, पण आप्पांच्या तोंडी आणेवारीच राहिली. सोळा आणे म्हणजे भरलेलं शेत. आकडा निम्म्याच्या, म्हणजे पन्नास पैशांच्या खाली गेला की गावाला महसुलात सूट, मुलांना परीक्षेच्या फीची माफी. त्यामुळे त्या एका नजरेवर कितीतरी घरांचे डोळे लागलेले असत. आप्पा बांधावर बराच वेळ नुसते उभे राहत. मी घाई केली की म्हणत, “पोरी, पावसानंतर सगळीच शेतं हिरवी दिसतात. जरा ऊन पडू दे.”

यंदा धावताना ते वाक्य पहिल्याच किलोमीटरला आठवलं. किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा पेस धरायचा असं ठरवून निघाले होते. घड्याळात बघते तर पाच-दहा. बँड वाजत होता, दुतर्फा मुलं ओरडत होती, आणि पाय माझे असले तरी चाल त्या गर्दीची होती. राजवाड्याकडच्या चढाला दम लागला. हवा इतकी दमट की घाम अंगावरच साचून राहिला. तो वाळल्याशिवाय अंग निवत नाही, मग रक्त कातडीकडे धाव घेतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि हृदयाला जास्त राबावं लागतं. आठव्या किलोमीटरला एक चिमुरडी कागदी झेंडा हलवत ओरडली, “मावशी, पळा!” आणि कुठून कोण जाणे, पायांत बळ आलं. छप्पन्न मिनिटांत पोहोचले.

छप्पन्न मिनिटं म्हणजे काय? पीटर रीगल नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढण्याचं सूत्र मांडून ठेवलं आहे. त्यात हा आकडा घातला की सपाटीवरच्या अर्ध्या मॅरेथॉनला दोन तास चार मिनिटं येतात. यवतेश्वरच्या वळणांना मात्र सूत्र ठाऊक नाही. तिथं निम्मी वाट चढायची आहे, धुक्यात, आपल्याच श्वासाच्या सोबतीनं. मी विचार करत राहिले, या छप्पन्न मिनिटांतली माझी किती आणि सणाची किती? बँडची, जिलबीची, त्या चिमुरडीची किती वजा करायची? की वजा करूच नयेत? शेतात पिकतं त्यात तरी निव्वळ शेताचं असं किती असतं. पाऊस कुठून तरी येतो, बियाणं कुणीतरी जपून ठेवलेलं असतं. घाटात पाचव्या किलोमीटरला दम उखडेल तेव्हा ती हाक कानात उरलेली असेल, तर तीही माझ्याच पिकातली धरावी का?

दौड संपल्यावर आम्ही काहीजण रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करत परत चालत गेलो. ओले झालेले, कुणाच्या बुटाखाली येऊ नयेत म्हणून एकेक उचललेले. तो उलटा प्रवास मला नेहमीच आवडतो. ज्या रस्त्यावरून घड्याळाकडे बघत धावलो, तो चालताना पहिल्यांदा दिसतो.

पाव किलो जिलबी घेऊन घरी आले. आप्पा ओसरीवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना हल्ली फारसं दिसत नाही. माझी चाहूल लागली तसा त्यांनी हात पुढे केला, माझी ओली बाही चाचपली, मनगटावर दोन बोटं टेकवून थोडा वेळ गप्प राहिले.

“किती आणे?”

“दहा असतील, आप्पा.”

“ऑगस्टात दहा म्हणजे बरंच की,” ते म्हणाले, आणि जिलबीचा तुकडा मोडता मोडता पुटपुटले, “अजून दाणा भरायचाय.”

पागोळ्या गळत होत्या. कुठल्याशा शाळेतून राष्ट्रगीताचे सूर आले, तसे ते भिंतीचा आधार घेत हळूहळू उभे राहिले. त्यांच्या शेजारी मीही, थरथरत्या पोटऱ्यांवर.