म्हैस दूध चोरते तेव्हा

निर्मल-भैंसा पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना एक तक्रार कायम ऐकू येते, ‘‘साहेब, म्हैस दूध चोरते, एखादी सुई द्या.’’ कास तटतटलेली असते, पारडू ढुशा देऊन दमतं, पण पान्हा येत नाही. अशा वेळी मी कासेआधी माणसं बघतो. कोण जवळ आलं की तिचे कान मागे जातात? कोणाच्या चाहुलीने ती शेपूट दाबून धरते?

मुधोळकडे पहिल्या वेताची एक म्हैस होती. व्यायल्यावर सडाला हात लावू देईना म्हणून मालकाने काठीने बडवली. काठी पुढे बंद झाली, पण तो नुसता खोकला तरी ती आखडायची आणि पोटच्या पारडालाही लाथाडायची. तो शेतावर गेला की त्याच पारडाला तोंडापासून शेपटीपर्यंत चाटत उभी राहायची. आईपण तिच्यात पुरेपूर होतं, त्या खोकल्यापुढे ते थिजायचं.

म्हशीच्या कासेत आयतं उतरलेलं दूध जेमतेम 5 टक्के असतं. बाकीचं वरच्या बारीक पिशव्यांतून उतरवायला ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागतं, आणि भ्यालेल्या जनावरात तेच अडतं. 1941 मध्ये अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून, कागदी पिशव्या फोडून हे दाखवलं. मला त्याहून 1999 चं रशेन आणि सहकाऱ्यांचं काम महत्त्वाचं वाटतं. पूर्वी वाईट वागवणारा माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला, तरी गाईंच्या कासेत मागे राहणारं दूध 70 टक्क्यांनी वाढलं.

म्हणून रोज ऑक्सिटोसिन टोचून धार काढण्याला माझा ठाम विरोध आहे. दूध उतरतं, भीती जागच्या जागी राहते, वर सुईची नवी भर पडते. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 12व्या कलमाने गुन्हाच आहे.

मुधोळच्या त्या घरी धार मालकाऐवजी घरातल्या काकूंकडे दिली. मालकाने फक्त आंबोणाचं घमेलं पुढे ठेवायचं आणि निघून जायचं, हात लावायचा नाही. हळूहळू तो गोठ्यात असतानाही पारडू पिऊ लागलं. मात्र कोणी काठी आपटली की जुनी भीती उसळायची, आणि पुन्हा काही दिवस काकूंनाच सांभाळून घ्यावं लागायचं.

मी स्वतः धारेच्या जागी कधी सुई टोचत नाही. लस असो की औषध, जनावर आधी दुसऱ्या खुंट्याला न्यायला लावतो. घाईतले मालक कुरकुरतात, तरी मी सिरिंज पिशवीतून बाहेर काढत नाही.